आठी

भरमूला ऐकू येत नाही, जन्मापासून.
उद्यमबागेत लेथवर असतो. तिथल्या गोंगाटात
सगळे घसा फोडून ओरडतात
आणि हा एकटा नीट बोलतो, हातांनी.

आमच्या बेळगावात पाट्यांवरून डोकी फुटली आहेत,
कुठलं अक्षर वर, कुठलं खाली.
भरमूची भाषा कुठल्याच पाटीवर नाही.
ती अर्धी हातात असते, अर्धी कपाळात.
मी त्याची सख्खी बहीण,
मला हे पन्नाशीला कळलं.

म्हणजे असं: बोट तुझ्याकडे, तू.
बोटं तोंडाकडे, जेवण.
भुवया वर गेल्या तर, तू जेवलास का?
नाही गेल्या तर, तू जेवलास.
बास. एवढ्यावर सगळं.

मी सोसायटीत, ठेवींच्या काउंटरला.
सदतिसाव्या वर्षी चेअरमन म्हणाले,
हुंदरेबाई, लोक पैसे ठेवायला बिचकतात,
तुम्ही रागावल्यासारख्या दिसता.
रागावले नव्हते. मन लावून बेरजा करता करता
भुवयांच्या मध्ये अकराचा आकडा उमटला होता.
टिळकवाडीत, दुसऱ्या गेटाजवळ, डॉक्टर हुक्केरींनी
पाच ठिकाणी सुई टोचली. मुंगी चावल्यागत.
आठवड्यात कपाळ शहाबादी फरशी.
चार महिन्यांनी पुन्हा. पुन्हा चार महिन्यांनी.
बारा वर्षं. आरडीचा हप्ता चुकला असेल, हा नाही.
काउंटरपलीकडून म्हणायचे,
बाईंच्या कपाळाला आठी म्हणून नाही!
मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

आई नेहरूनगरच्या इस्पितळात होती, आयसीयूत.
दारापाशी भरमू, पण फोन यायचे मला.
मी एजंटांची मिटिंग टाकून धावत आले
आणि जिन्यातूनच हातांनी विचारलं,
आई गेली?
त्यानं वाचलं,
आई गेली.

भिंतीला पाठ घासत तो खाली बसला.
त्याचा तो आवाज, जो त्यानं स्वतः कधी ऐकलेला नाही,
सगळ्या मजल्यानं ऐकला.
आत आई पेज मागत होती.

ती पुढे सतरा दिवस जगली.
भरमू तिच्याकडे बघायचा
कुणाची तरी वस्तू चुकून घरी आल्यासारखा.

हुक्केरी म्हणाले, सुईनं नस स्नायूला निरोप देईनाशी होते.
काही महिन्यांनी नवे कोंब फुटतात, निरोप जाऊ लागतो,
तोवर तुम्ही परत खुर्चीत.
बारा वर्षं कुणी काम सांगितलं नाही
तर स्नायू वाळतो, प्लास्टरातून काढलेल्या हातासारखा.
शेजारचे त्याचंही ओढतात,
म्हणून हसताना तुमच्या नाकावर चुण्या.
परत येईल?
बरंचसं येतं. किती आणि कधी, नक्की नाही.
नोडोण, म्हणाले. बघू या.
हे आधी का सांगितलं नाही, असं विचारलं मी,
निदान मला वाटलं, विचारलं.
ते मान डोलावत राहिले.

बंद करून चौदा महिने झाले.
सकाळी आरशापुढे कपाळाला बोलावते.
डावी भुवई तांदळाच्या दाण्याएवढी हलते.
उजवी अजून रजेवर.
अकरातला एक परत आलाय, फिकट.

काल भरमू सेकंड शिफ्ट करून आला.
मी अंगठा आणि बोट ओठांशी नेलं: चहा.
तो बघत राहिला.
मग जवळ आला, कूलंटच्या वासाचा अंगठा
माझ्या उजव्या भुवईखाली ठेवून
ती वर ढकलली, धरून ठेवली.

आणि दुसऱ्या हातानं म्हणाला,
हो. साखर कमी.